आकारामला सांगितलेली वाट

१० जून १९७३, सांगली

आज घर ताब्यात आलं. आमच्या घराण्यातलं शहरातलं हे पहिलं घर. खणभागात, पांढऱ्या चाफ्याच्या बोळात, डाव्या हाताचं दुसरं दार. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीमागं एक तीन खोल्या, आणि शेवटी परसात नगरपालिकेचा नळ. सोडला की तो आधी खोकतो, मग पाणी देतो. आईनं त्याच्याखाली हात धरला तो बराच वेळ काढलाच नाही. दुष्काळात टँकरमागं धावलेले हात आहेत ते.

खरेदीखत शालूवहिनींच्या नावावर केलं. कचेरीतल्या कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, की घरात पुरुषमाणूस नाही काय. मी म्हणालो, आहे, तुमच्यासमोर उभा आहे, आणि त्यालाच हे असं हवं आहे. सभेत बायकांच्या हक्कावर टाळ्या घ्यायच्या आणि कागदावर स्वतःचं नाव घालायचं, हा ढोंगीपणा माझ्याच्यानं व्हायचा नाही.

पैसा आकारामदादाचा आहे. माझा हा थोरला भाऊ डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सीमेवर बेपत्ता झाला. ‘मृत समजण्यात यावे’ असं पलटणीनं कळवलं आणि पुढं रक्कम पाठवली. आईनं ती अमानत म्हणून पेटीत ठेवली होती. सुट्टीवर आला की दादा एकच गोष्ट बोलायचा, शहरात नळाचं घर घ्यायचं आणि नाथाला, म्हणजे मला, वकील करायचं. म्हणून आई तयार झाली. तिच्या लेखी दादा अजून नोकरीवर आहे आणि घर त्याचं आहे. वहिनींच्या लेखी काय आहे ते वहिनी सांगत नाहीत.

येताना बसमध्ये आईनं मला मान खाली घालायला लावली. आमच्याकडं रीत आहे: बिऱ्हाड हललं की परगावी असलेल्या माणसाला वाट सांगायची, नाहीतर तो जुन्या दारात येऊन माघारी जातो. आईनं ओटीत जोंधळे घेतले होते. गाडी वळेल तिथं खिडकीतून चिमूटभर दाणे टाकायची आणि मोठ्यानं बोलायची. विट्यात म्हणाली, “आकाराम, हितं उतरायचं न्हाई. गाडी पुढं जातीया.” तासगावात म्हणाली, “हे गणपतीचं देऊळ. हितनं उजवीकडं बरं का, लेका.” कंडक्टर म्हणाला, “मावशे, त्येचं बी तिकीट काढा की मग.” सगळी गाडी हसली. आईसुद्धा हसली, पण दाणे टाकायची थांबली नाही. शेवटची मूठ तिनं आमच्या बोळाच्या तोंडाशी टाकली. “चाफ्यापाशी वळ. डावीकडं दुसरं दार. तिसरं न्हवं, दुसरं.”

माणूस गेल्याचं नक्की झालं की हीच वाट मोडतात. स्मशानातून परतताना प्रत्येक वळणावर बाभळीची काटी आडवी टाकायची, की त्यानं मागं येऊ नये. सांगायला एक रीत, मोडायला एक. असल्या भाबडेपणावर घणाघाती बोलून मी कॉलेजात ढाल मिळवली आहे. पण आईपुढं गप्प बसलो. तिच्या दोनच अटी आहेत: पुढची खोली भाड्यानं द्यायची नाही, आणि तिच्या दाराला आतून कडी लावायची नाही.

२४ जून

आई-वहिनी शेतीपायी गावीच राहणार. भाडेकरू मिळाले. मधल्या खोलीत गुंडा, विट्याचा, कॉमर्सला. त्याचे दोघे भाऊ दूर परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. हा म्हणतो, मला भट्टीपुढं भाजून घ्यायचं नाही, हिशेबनीस होतो. मागच्या खोलीत माझ्याबरोबर इलियास, तासगावचा, इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला. वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान आहे. शेजारच्या एकानं आडून विचारलं, की जातीचा मुलगा मिळाला नाही काय. मी ओट्यावर उभा राहून त्याला असं उत्तर दिलं की अर्धा बोळ जमला. गुंडा म्हणाला, “वकीलसाहेब, भाडं कमी करा, रोज भाषण ऐकायचं हाय आमास्नी.”

स्टोव्ह एक, पातेली दोन, स्वयंपाक पाळीनं. इलियासच्या भाकरी गोल होतात, माझ्या नकाशासारख्या. मी भाडं घेणारा आहे हे तिघंही विसरलो आहोत, आणि हेच मला हवं होतं.

१९ ऑगस्ट

पुढच्या खोलीत दादाची खाट आणि लोखंडी ट्रंक ठेवली आहे. इलियास रोज संध्याकाळी तिथं न सांगता दिवा लावतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, घरातल्या माणसाच्या खोलीत अंधार बरा दिसत नाही.

आज वक्तृत्व मंडळात विधवाविवाहावर बोललो. खाली उतरलो तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या आणि माझ्या मनात वहिनी होत्या. वय चोवीस. कपाळावर कुंकू, गळ्यात डोरलं, आणि नवरा कुठल्याशा वाळूत. हजारांना शिकवतोस आणि घरात काय, असं माझं मलाच वाटलं. गावच्या शाळेतले लालासाहेब गुरुजी विधुर आहेत, सज्जन आहेत. वहिनींबद्दल त्यांनी माझ्यापाशी आदरानं विचारलं आहे. आडवी येते ती आईची आशा. खोटी आशा ही माणसाला जिवंत पुरणारी गोष्ट आहे. कुणीतरी तिचा अंत केला पाहिजे.

२८ ऑक्टोबर, गाव

दिवाळीला आलो आहे. आज आईशी बोललो. वहिनी चुलीपाशी होत्या. मी सगळं मांडलं: पलटणीचं पत्र, कायदा, माणसाचा जगण्याचा हक्क. आई ऐकून म्हणाली, “मढं बगितल्याबिगार मी त्येला मेला कसं म्हणू?”

मग मला तोड सुचली. परागंदा माणसाचा बारा वर्षांनी पालाशविधी करतात: पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, की तो माणूस रीतीनं मेला. माझा विधीवर विश्वास नाही, पण आईचा आहे. काट्यानं काटा काढायचा. बारा वर्षं थांबायचं कारण नाही, कारण पलटणीचं पत्र हाच पुरावा. मी बोलत राहिलो. शेवटी आईनं पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली.

वहिनी मागून परसात आल्या. म्हणाल्या, “भावजी, तुमी बोलाय लागला की समोरच्याला व्हय म्हणावंच लागतंय.” मी विचारलं, तुमची इच्छा काय ते सांगा. त्या म्हणाल्या, “मला बी रोज वाट बगून कट्टाळा आलाय. खोटं कशाला बोलू. पर ह्यांनी मला कवा दुखवलं न्हाई.” एवढं बोलून त्या भांडी घासायला बसल्या.

११ नोव्हेंबर, वाई

गावच्या भटजींनी नकार दिला म्हणून इथं आलो. घाटावरच्या एका वृद्ध शास्त्रीबुवांशी दुपारभर वाद झाला. ते म्हणाले, बारा वर्षं हा आकडा उगाच नाही. परतायला जिवाला एवढा अवधी द्यायचा असतो, आणि आधी केलं तर आपण नक्की कुणाला अग्नी देतो ते सांगता येत नाही. मी त्यांच्याच ग्रंथांतले आधार काढले. घाटावर दहा-वीस माणसं जमली. मला अशा वेळी जोर चढतो. शेवटी शास्त्रीबुवा हसले आणि म्हणाले, “तुम्ही जिंकलात. करून देतो. पण वादात जिंकलेली गोष्ट खरी असतेच असं नाही, हे लक्षात असू द्या.”

परतीच्या गाडीत मी खुशीत होतो.

२५ नोव्हेंबर, गाव

झालं.

पळसाची शेकडो पानं माळावरून आणली. देठ जुळवून हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. हे सगळं लोकरीच्या धाग्यानं बांधायचं असतं. शास्त्रीबुवांनी त्याच्या अंगावरचं काही आहे का विचारलं. वहिनींनी दादासाठी विणलेला मेंदी रंगाचा स्वेटर होता. गेल्या सुट्टीत तो घरीच विसरून गेला होता. वहिनी उंबऱ्यात बसून तो उसवत होत्या. एकेक ओळ सुटत होती आणि आई धाग्याचा गोळा करत होती. 

येरळेच्या पात्रात अग्नी मी दिला. मी भाषण करणारा माणूस, पण काय लिहावं कळत नाही. पानं पेटली तेव्हा पुतळा बसता झाल्यासारखा वाकला. शास्त्रीबुवा म्हणाले, आग लागली की देठ आखडतात, होतं असं. वारा सुटला. छातीकडचा भाग नीट जळला नाही. ते म्हणाले, विधी झाला, आता मागं बघायचं नाही.

मला लहानपण आठवलं. बांधावर दादा बसायचा आणि मी ढेकळांपुढं भाषण करायचो. मी अडखळलो की तो म्हणायचा, “बोल की रं, नाथा.” माझा पहिला श्रोता तो.

वेशीवर बाभळीची काटी टाकली. आई म्हणाली, सांगलीपर्यंत वाट सांगितली आहे, तीही मोडायला पाहिजे. विटा, तासगाव, बोळ. मी म्हणालो, परवा माझी आंतरकॉलेज स्पर्धा आहे, आणि बसच्या खिडकीतून काट्या टाकत जायचं हे आता पुरे कर. वाटलं होतं ती हट्ट धरेल. ती लगेच बरं म्हणाली.

१६ डिसेंबर, सांगली

गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत पहिला आलो. विषय होता ‘रूढी आणि विवेक’. गुंडानं आणि इलियासनं मला खांद्यावरून बोळात आणलं. वहिनींनी डोरलं उतरवून आईच्या हातात दिलं, असं लालासाहेब गुरुजींकडून कळलं. वीस जानेवारीला साताऱ्यात नोंदणी विवाह. पुढच्या खोलीच्या दाराला आता मी आतून कडी लावतो. इलियासनं दिवा लावायचं अजून सोडलेलं नाही.

६ जानेवारी १९७४

गुंडा आज विट्याहून आला आणि जेवताना हसत सांगू लागला. दुपारी स्टँडवर लष्करी कोटातला एक माणूस भेटला. टोपी पुढं ओढलेली. चाफ्यापाशी डावीकडच्या दुसऱ्या दारात जायचं आहे म्हणाला. गुंडानं सांगितलं की मी तिथंच राहतो, चला. तर तो पुन्हा पुन्हा एकच विचारायचा: “हितं उतरायचं न्हाई न्हवं? गाडी पुढं जातीया न्हवं?” गाडी लागली तरी चढला नाही. तासगावच्या रस्त्यानं चालत निघाला. “पाल्यातनं डुक्कर गेल्यावानी आवाज करत चालतंय बेणं,” गुंडा म्हणाला. “तुमचा पावना लय येडा हाय.”

माझा घास हातात राहिला. आई बसमध्ये काय बोलली होती ते मी या दोघांना कधीच सांगितलेलं नाही.

दादा जिवंत आहे.

७ जानेवारी, विटा

सकाळच्या गाडीनं आलो. स्टँडवरच्या चहावाल्याला तो आठवत होता. तासगावकडं पायी गेला म्हणाला. तोंड पाहिलं का विचारलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “टोपी व्हती. टोपीखाली काय व्हतं ते ध्येनात न्हाई बगा.” बलवडीच्या पुलापर्यंत चाललो. हाका मारल्या. कुणी नाही.

येताना काय काय मनात आलं. तो कैदेत असेल, सुटला असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल. मी जिवंत भावाला अग्नी दिला. आणि दोन आठवड्यांनी त्याच्या बायकोचं लग्न लावून देतो आहे.

कुणाला सांगू? चहावाल्याच्या शब्दावर लग्न मोडू?

२० जानेवारी, सातारा

विवाह झाला. गुरुजींची बदली साताऱ्याला झाली आहे, दोघं इथंच राहणार. वहिनी हिरव्या लुगड्यात होत्या. कचेरीच्या पायरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “भावजी, त्येंचं काय कळलं न्हाई न्हवं? कळलं आसंल तर आत्ताच सांगा. मी अजून सही केली न्हाई.”

मी नाही म्हणालो. एकच शब्द. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण, आणि त्यालाही समोरच्यानं मान डोलावली.

३ फेब्रुवारी, सांगली

इलियास तासगावहून आला तो जेवला नाही. मला मागच्या खोलीत नेऊन हळू आवाजात सांगितलं.

त्यांच्या दुकानासमोर एक माणूस उभा होता. विचारत होता, गणपतीचं देऊळ हेच का, आणि उजवीकडंच न्हवं. इलियासच्या आईला, हुसेनबींना, तो दमलेला वाटला. त्यांनी पाणी दिलं. त्यानं ओंजळ धरली. पाणी बोटांच्या फटीतून नाही, हातातूनच खाली गेलं, चाळणीतून जावं तसं. हुसेनबी आत निघून गेल्या. इलियास उभा राहिला. जळक्या पाल्याचा वास येत होता. त्या माणसाच्या बाहीतून लोकरीचा धागा लोंबत होता, मागं रस्त्याभर पसरलेला. शिंप्याचा मुलगा. सवयीनं त्यानं धागा तोडायला हात पुढं केला. तो माणूस म्हणाला, “नगं. तेवढ्यावरच हाय.”

मी रंग विचारला.

मेंदी.

५ फेब्रुवारी

दिवसभर स्वतःशी वाद घातला. दोघांनी मिळून केलेली थट्टा? पण मेंदीचा रंग यांना माहीत नव्हता. आईचे शब्द माहीत नव्हते. दोन्ही बाजूंनी मीच बोललो आणि दोन्ही बाजूंनी हरलो.

तो दादा नाही. दादा वाळूत आहे. हे जे येतं आहे ते आम्ही केलेलं आहे. आम्ही त्याला दादाचं नाव दिलं, दादाच्या स्वेटरनं बांधलं, आणि पेटवून दिलं. त्याला दुसरं काही माहीत नाही. फक्त वाट माहीत आहे, कारण ती त्या नावाला सांगितलेली आहे आणि वेशीपुढं कुणी मोडलेली नाही.

१० फेब्रुवारी

इलियासनं खोली सोडली. परीक्षा जवळ आली, मामाकडं राहतो म्हणाला. मान वर करून बोलला नाही. जाताना पुढच्या खोलीतली पणती घासून ठेवून गेला.

१७ फेब्रुवारी

गुंडाही गेला. काल भरदुपारी त्याला सांगली स्टँडच्या फाटकाशी तो दिसला. त्यानं गुंडाला ओळखलं. म्हणाला, “चाफा कुठं हाय?” गुंडा सामान बांधताना एवढंच म्हणाला, की दया आली हो, वकीलसाहेब, भ्यालो ते मागनं.

दया. मलाही तीच येते आहे. ती भीतीपेक्षा वाईट आहे.

घर रिकामं. नळ खोकतो.

२४ फेब्रुवारी

आईला घेऊन आलो. वहिनी गेल्यावर ती गावात एकटी होती. तिला काही सांगितलं नव्हतं. पण विट्याच्या पुढं ती खिडकीतून बघायला लागली. रस्त्याकडेच्या बाभळींना धागा अडकलेला होता. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत. ऊन पडलं की दिसायचा. मी तिला पलीकडच्या बाकावर बसू म्हणालो. तिनं माझा हात बाजूला केला. तिच्या तोंडावर हसू होतं. जूनमधल्या त्या बसनंतर मी ते पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. पाणी हातातून जातं, तोंड नाही, सगळं. ती जोंधळे निवडत ऐकत होती. मग म्हणाली, “काटी टाकाय मी आले आसते रं. तू न्हाई म्हणालास तवा मला बरं वाटलं. मला टाकायचीच न्हवती.”

मी म्हणालो, तो आकाराम नाही, पाला आहे.

“असू दे,” म्हणाली. “माज्या हाकंनं आलाय.”

२७ फेब्रुवारी

बाभळीची काटी आणली. एकच वळण उरलं आहे. चाफा. मी, विवेकावर ढाली मिळवणारा, काटी घेऊन तिन्हीसांजेला बोळाच्या तोंडाशी गेलो. विश्वास असो नसो. आई सुटली पाहिजे. वहिनींचा संसार टिकला पाहिजे. तो इथं पोचला तर ही बातमी साताऱ्याला जाईल, आणि त्या बाईला पुन्हा कुंकवाचा हिशेब द्यावा लागेल.

तो तिथं होता.

झाडाला टेकून. माझ्याकडं पाठ. कोट छातीपाशी तेवढा भरलेला, बाकी पोकळ. वाऱ्यानं बाह्या वाजत होत्या. त्यानं वळून न बघता विचारलं. तिसरं न्हवं, दुसरं न्हवं?

काटी टाकायची. वाकायचं आणि टाकायची. एवढंच.

आवाज दादाचा नव्हता. पण विचारायची तऱ्हा — परक्या गावात वाट चुकलेलं पोर विचारतं तशी —

काटी माझ्या हातातच राहिली. तळव्यात रुतलेली घरी आल्यावर कळली.

२८ फेब्रुवारी

पुढच्या दाराला कडी लावली. अडसरही घातला.  आईनं पुढच्या खोलीत पणती लावली. ताट वाढलं. खाटेवर घोंगडं अंथरलं.

दाराच्या फटीखालून धाग्याचं टोक आत आलेलं आहे.

१ मार्च

आई तो धागा गुंडाळते आहे. सकाळपासून. जळका भाग आला की गाठ मारते आणि पुढं. मी कात्री घेतली. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. कात्री ठेवून दिली.

म्हणाली, “त्येचा सेटर परत इणते. थंडीचा आलाय.”

बोळातली पोरं आज खेळायला आली नाहीत.

१ मार्च, संध्याकाळ

धाग्याचा गोळा नारळाएवढा झाला आहे. धागा ताठ. ओढला की दारापलीकडं सळसळतं. थोडं जवळ. पुन्हा ओढते. पुन्हा —

बाहेर तो आईचे शब्द म्हणतो आहे. क्रमानं. विटा, उतरायचं न्हाई. देऊळ, उजवीकडं. चाफा. दुसरं दार. पाठ केलेला धडा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. मी हात मोकळे राहू नयेत म्हणून लिहितो आहे. त्याला एवढंच येतं. एवढंच येतं तोवर तो दादा नाही. हे धरून बसलो आहे. पाला आहे. आईनं सांगितलेलं तेवढंच —

थांबला.

सळसळ दाराला टेकली.

आई उठली. अडसर काढला. कडीवर हात ठेवून माझ्याकडं बघते आहे. माझ्या तोंडाकडं. मी नको म्हणालो तर ती ऐकेल. माझं सगळ्यांनी ऐकलं आहे. शास्त्रीबुवांनी, वहिनींनी. एक शब्द. वहिनींसाठी तरी एक शब्द. तोंड उघडलं. काही येत नाही. पुन्हा —

बाहेरून आवाज आला. हळू. बांधावरून यावा तसा.

“बोल की रं, नाथा.”

हे आईनं त्याला सांगितलेलं नव्हतं. हे कुणालाच —

कडी —

दादा, मी